मदत हवी आहे: दिवाळी अंकाचे वाचक मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत पत्रकारिता शिकते. यंदा प्रकल्पाला मासिकांचा धंदा आणि त्यांचा वाचक हा विषय घेतलाय. तसा हा आपल्या घरचाच विषय. १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे!

अडचण मोजणीची आहे. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स खपलेल्या प्रती तपासते, पण खप म्हणजे वाचक नव्हेत. गावच्या वाचनालयातला दिवाळी अंक शिमग्यापर्यंत फिरत असतो. परवा एक हातात घेतला. खाकी कव्हर, शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी भरलेली, तिच्यावर दुसरी चिकटवलेली. प्रत एकच, घरं कितीतरी. आणि घरात तो आजी वाचते की वहिनी, कोडी कोण सोडवतं, पाककृती कोण उतरवून घेतं, हे चिठ्ठीवरून कसं कळणार? जाहिरातदाराला तर नेमकं तेच हवं असतं, आणि मासिकाचा बराचसा खर्च जाहिरातींवरच भागतो.

वाचनालय सांभाळणाऱ्यांनी कृपया सांगा, देवघेवीच्या रजिस्टरवरून सभासदांची नावं न घेता वयोगट काढता येतील का? पेपर एजंटांकडून न खपलेल्या मासिकांचा हिशेब मिळतो का?

प्रश्नावलीचंही सुचवा. 'कोणती मासिकं वाचता?' असं विचारलं की लोक भारदस्त नावं सांगतात. त्यापेक्षा 'शेवटचा अंक कोणता वाचलात, कुठून आणलात?' हे बरं वाटतं. राजापूर, मालवणकडच्या कुणी असं काम केलं असेल तर जरूर लिहा.