परदेशी सौरकर्ज स्वस्त, मग आपल्याकडे येईपर्यंत महाग का?

कोथरूड_सचिव: जागतिक बँक, जर्मनीची सरकारी विकास बँक केएफडब्ल्यू सौरऊर्जेसाठी भारताला कमी व्याजाने पैसे देतात. मग सोसायटीच्या २० किलोवॉट सोलरला आपली बँक तो दर का लावत नाही?

हिशेबी: कर्ज युरोत किंवा डॉलरमध्ये, वसुली रुपयांत, गोम तिथेच आहे. समजा युरो ८० रुपयांना असताना १०० युरो घेतले आणि १० वर्षांनी तो १०० रुपयांवर गेला. ८,०००चं मुद्दल १०,००० झालं, म्हणजे वर्षाला सव्वादोन टक्के नुसते विनिमयात गेले. हेजिंग करून दर आधीच बांधून घेतला तरी त्याचे पैसे पडतातच. त्यावर बँकेचं मार्जिन. शिवाय जागतिक बँकेने २०१६मध्ये स्टेट बँकेमार्फत दिलेले ६२.५ कोटी डॉलर मुख्यतः व्यापारी, औद्योगिक आणि संस्थांच्या छतांसाठी होते.

पारेषणवाला: माझ्या मते हा पैसा छतापेक्षा वीज वाहून नेणाऱ्या लाइनवर जास्त कामाला येतो. ग्रीन एनर्जी कॉरिडॉर, म्हणजे सौर-पवन वीज वाहून नेणाऱ्या लाइनच्या योजनेचा राज्यांतर्गत पहिला टप्पा पाहा: खर्च सुमारे १०,१४१ कोटी, त्यात ४० टक्के केंद्राचं अनुदान, २० टक्के राज्याचं भांडवल, ४० टक्के केएफडब्ल्यूचं कर्ज. आठ राज्यांत महाराष्ट्रही आहे. सोलर पार्क दीड वर्षात उभा राहू शकतो; २२० केव्हीची लाइन मात्र टॉवरखालच्या जमिनीचा मोबदला, वनखात्याची परवानगी, रेल्वे क्रॉसिंगचं शटडाउन (रुळांवरून तारा ओढायला लागणारी बंद वेळ) यांत अडकते. लाइन मागे पडली की तयार वीज बॅकडाउन करावी, म्हणजे निर्मिती कमी करावी लागते, आणि अशा बहुतेक कर्जांत न उचललेल्या रकमेवर कमिटमेंट चार्ज चालूच राहतो. म्हणून मार्गाचा सर्व्हे आणि मोबदल्याचं काम कर्जाच्या करारावर सही होण्याआधीच सुरू व्हायला हवं.

कोथरूड_सचिव: मग सोसायटीने कशावर भर द्यावा?

छतमोजणी: पीएम सूर्य घरवर, म्हणजे छतावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेवर. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान, म्हणजे २० किलोवॉटला ३.६ लाख. जागा साधारण २०० चौरस मीटर लागेल, वीज दिवसाला सरासरी ८० युनिट धरा. नेट मीटरिंगला (जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करणं) मंजूर भाराची, म्हणजे जोडणीला मंजूर असलेल्या किलोवॉटची मर्यादा असते, म्हणून कॉमन मीटरचा मंजूर भार आधी बिलावर पाहा. कमी असेल तर तो वाढवण्याचा अर्ज पहिला. लिफ्टरूम आणि टाकीची सावली डिसेंबरात सकाळी ९ आणि दुपारी ४ला खडूने आखून घ्या. सूर्य तेव्हा सर्वांत खाली असतो. एका पॅनलवर सावली आली तरी अख्ख्या स्ट्रिंगचं (एकमेकांना जोडलेल्या पॅनलच्या रांगेचं) उत्पादन घसरू शकतं.