मदत हवी आहे: टास्मानियात लेक मेस्टनच्या पुढची वाट
डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं मेलबर्नहून टास्मानियातल्या वॉल्स ऑफ जेरुसलेम या राष्ट्रीय उद्यानात ट्रेकला जातोय. हाताशी ५ दिवस आहेत. डिक्सन्स किंगडम, लेक बॉल, लेक अ‍ॅडलेड हा नेहमीचा फेरा गेल्या वर्षी झालाय, तेव्हा घोट्यापर्यंत चिखल होता. यंदा अ‍ॅडलेडहून मेस्टन आणि जंक्शन लेक बघायचेत. नेहमीच्या फेऱ्यात इतर ट्रेकर्स भेटतात. अ‍ॅडलेडच्या पुढे बहुधा फक्त वॉलबी (छोटे कांगारू)!

तंबू, पीएलबी (संकटात मदतीचा सिग्नल पाठवणारं यंत्र), ऑफलाइन नकाशे आहेत. तिथे शेकोटीला बंदी आहे, म्हणून गॅस स्टोव्ह. विमानात गॅसचा कॅनिस्टर चालत नाही, तो लॉन्सेस्टनला घेऊ. नकाशावर वाट दिसते, पण जमिनीवरची कळत नाही.

मेस्टन ते जंक्शन लेक वाट ठळक आहे का? पाऊस लागला तर ओढे ओलांडता येतात, की मेस्टनवरूनच मागे फिरावं?