डिंगल (काउंटी केरी, आयर्लंड): आई-बाबांसोबत, गाडी न चालवता. सल्ला हवा

लिफीकाठी: नमस्कार मंडळी. मेच्या शेवटी आई-बाबा नाशिकहून डब्लिनला येताहेत. चौघांनी डिंगलला तीन रात्री राहायचा विचार आहे. बाबा सह्याद्रीत खूप भटकलेत, त्यांना माउंट ब्रँडन खुणावतोय. आईचे गुडघे दुखतात, तिला समुद्राकाठी सपाटीवर चालायचंय. आम्ही दोघंही गाडी चालवत नाही. सगळं धरून हजार युरोंच्या वर जायचं नाही.

गाडीवान_कॉर्क: गाडीशिवाय डिंगलला जाऊच नका. स्ली हेड ड्राइव्ह ४७ किलोमीटरचा फेरा आहे, हवं तिथे थांबता आलं नाही तर काय उपयोग? आम्ही मोठी एसयूव्ही घेतली होती, समुद्र दिसणारं हॉटेल घेतलं होतं. पैसे गेले, पण आई-बाबा काय रोज येतात का? फेरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच करा, मोठ्या बसही तशाच जातात.

गॉलवेची_सून: ताई, वेस्टपोर्टला जा. थेट ट्रेन आहे. ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे ही चालायची-सायकलची वाट जुन्या रेल्वेमार्गावर केलीय, त्यामुळे चढ अगदी बेताचे आणि बराचसा रस्ता गाड्यांपासून वेगळा. माझ्या सासूबाई तिथे बॅटरीच्या सायकलवर आमच्या पुढे होत्या! बाबांसाठी क्रो पॅट्रिक डोंगर आहे, ७६४ मीटर.

स्पष्टच_बोलतो: चौघांचं हजारात कठीण आहे. डब्लिनजवळच्या हौथला डार्टने (लोकल ट्रेनने) जा, कड्यावरून चाला, संध्याकाळी घरी.

गाडीवान_कॉर्क: हौथ म्हणजे सहल झाली का? बंदरात फंगी डॉल्फिन बघा, कॉनर पासच्या घाटातून उतरा.

रानवाटा: फंगी ऑक्टोबर २०२० पासून दिसलेला नाही हो. आणि कॉनर पासवर २ टनांहून जड वाहनांना बंदी आहे, एसयूव्ही घेणाऱ्यांनी वजन बघून घ्यावं.

लिफीकाठी, ब्रँडन ९५२ मीटर आहे. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणून हा किरकोळ वाटेल, पण पायथा समुद्रापासून फार वर नाही, बरीचशी उंची पायांनीच कमवावी लागते. बाबांना पश्चिमेकडच्या बॅले ब्रॅकच्या वाटेने न्या. ती जुनी यात्रेकरूंची वाट आहे, क्रूस लावलेत, चुकायची भीती कमी. पूर्वेची फाहाची वाट देखणी आहे, पण वरचा टप्पा खडकाळ आणि उभा. ढग माथ्यावर बसला की दहा पावलांवरचं दिसत नाही. तेव्हा खाली उतरायचं, हट्ट नको. जमीन भिजलेली असते, घोट्यापर्यंत चिखल. पायथ्याला जायला गावातून टॅक्सी सांगावी लागेल.

गॉलवेची_सून: +१ चिखलाला. छत्री आणू नका, वारा उलटी करतो. रेनकोट आणा. वेस्टपोर्टचं बघा मात्र.

नवा_व्हिसावाला: अवांतर: आई-बाबांकडे शेंगेन व्हिसा असेल तर त्यावर आयर्लंडमध्ये येता येत नाही. व्हिसा वेगळा लागतो.

लिफीकाठी: व्हिसा झालाय, धन्यवाद. ब्लास्केट बेटावर जावं का?

रानवाटा: ग्रेट ब्लास्केटवरची शेवटची माणसं १९५३ मध्ये सरकारने मुख्य भूमीवर हलवली. घरांच्या भिंतींमधून फिरताना गलबलून येतं. पण लाटा मोठ्या असल्या की बोट रद्द होते. बोट सुटते त्या डन्क्विनच्या धक्क्याची उतरण फार तीव्र आहे, आईंना तिथे नेऊ नका. त्यांच्यासाठी गावातूनच बंदराच्या कडेने दीपगृहाकडे पायवाट जाते. उजव्या हाताला पाणी, वर हिरवे बांध, वाटेत दगडी बुरूज. कुठूनही माघारी फिरता येतं.

स्पष्टच_बोलतो: तरी म्हणतो, हौथ.

लिफीकाठी: सगळ्यांचे आभार. ठरलं. डिंगललाच जातोय, गाडीशिवाय. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रॅलीपर्यंत ट्रेन, पुढे बस. हॉटेल नाही, गावातली साधी खोली, स्वयंपाकघरासकट. आई पोहे आणि मेतकूट आणतेच आहे. स्ली हेड एका दिवसाच्या सहल-बसने. ब्लास्केट सोडलं. ब्रँडनला बाबा आणि मी, आभाळ मोकळं असेल त्या सकाळी. आई आणि हे दीपगृहाकडे. गॉलवेची_सून, ग्रीनवे मला खरंच आवडला, पण बाबांनी ब्रँडनचा नकाशा छापून भिंतीला लावलाय.

गाडीवान_कॉर्क: पस्तावाल. असो, मजा करा.

रानवाटा: रविवारी ट्रॅलीच्या बस कमी असतात. परतीचा दिवस रविवार असेल तर वेळ आधी बघून मग ट्रेनचं तिकीट काढा.