किनाऱ्यावरून गळ टाकताना: लांब टाकावा, की जवळच्या चरात?

कर्लीकाठ:
हल्ली किनाऱ्यावर बारा फुटी रॉड आणि शंभर ग्रॅमचे शिसे घेऊन येणारा जवळपास प्रत्येक जण अंगात असेल तेवढे बळ लावून लांब फेकण्याच्या मागे असतो. माझे स्पष्ट मत आहे, की पुष्कळदा मासा त्या शिशाच्या अलीकडे, आपल्यापासून तीस-चाळीस पावलांवरच असतो. लाट वाळूच्या दांड्यावर, म्हणजे पाण्याखालच्या लांबट उंचवट्यावर, फुटते, तिथली वाळू उकरते, आणि त्यातून सुटलेले किडे व लहान शिंपले अलीकडच्या खोल चरात येऊन पडतात. मुडदुशी आणि शिंगाळा हे मासे या चरातून किनाऱ्याला समांतर फिरत खात असतात. मागच्या कार्तिकात देवबागला ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरलो, तेव्हा घोट्याएवढ्या पाण्यातून चार पावले टाकताच कमरेपर्यंत बुडालो, आणि पुढे दहा पावलांवर पायाखाली पुन्हा उथळ वाळू लागली. मागे वळून दोन माड एका रेषेत धरून खूण पक्की केली. भरती चढू लागल्यावर त्याच खुणेवर कोलंबी लावून गळ टाकला, आणि तासाभरात पाच मुडदुश्या मिळाल्या.

श्रीवर्धनवासी:
देवबागचा अनुभव सगळ्या किनाऱ्यांना लावणे मला मान्य नाही. दिवेआगरसारख्या सपाट पुळणीवर पन्नास पावलांमागे एक पाऊल उतार धरला, तरी दोन मीटर चढलेले पाणी शंभर मीटर आत येते; म्हणजे ओहोटीला पायाशी दिसलेला चर पूर्ण भरतीच्या वेळी शंभर मीटर दूर गेलेला असतो. तिथे तीस पावलांवर टाकलेला गळ गुडघाभर पाण्यात, नुसत्या फेसात लोळत राहील. शिवाय रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, घालणारे होडीतून जाळे किती आतपर्यंत नेऊन वळवतात, ते आपण पाहिले असेलच. मासा पायाशीच असता, तर एवढी दोरी ओढण्याची यातायात त्यांनी का केली असती?

कर्लीकाठ:
उताराचे गणित बरोबर आहे, आणि सपाट पुळणीचा मी पुरेसा विचार केला नव्हता, हे मान्य करतो. रापणीचा दाखला मात्र पटत नाही, कारण रापण बांगडा-तारलीचे थवे घेरण्यासाठी असते आणि तळाशी चरणाऱ्या मुडदुशीचा हिशेब निराळा आहे. चर दूर जातो म्हणून जोर वाढवण्यापेक्षा ओहोटी संपताना पाण्याच्या कडेला उभे राहावे, आणि चढत्या भरतीबरोबर एकेक पाऊल मागे सरत त्याच चरात गळ ठेवावा, असे मी म्हणेन.

श्रीवर्धनवासी:
मागे सरत गेलात, तरी अंतर वाढतच जाणार! पौर्णिमेच्या उधाणात भरती भर दुपारी आणि मध्यरात्री पूर्ण होते. मला रावस हवा असतो आणि सवड फक्त रात्रीची असते. अशा वेळी लांब फेक हाच उपाय उरतो. अष्टमीच्या भांगाला पाणी कमी चढते-उतरते, तेव्हा तुमची पद्धत नक्की चालेल.

माडाखालचा:
आपण दोघेही दांड्याला आडवे अंतर मोजत आहात. दांडा मधेच कुठे तुटला आहे, हे पाहणे मला जास्त महत्त्वाचे वाटते. दोन्ही बाजूंना लाट फुटत असताना मधला एखादा पट्टा न फुटता राहतो, रंगाने गडद दिसतो आणि फेस घेऊन समुद्राकडे ओढला जातो. दांड्यावरचे पाणी याच वाटेने परतत असल्याने खाद्यही तिथूनच बाहेर जाते. मी गळ त्या ओढीच्या मधोमध टाकत नाही, कारण शिसे वाहून जाते. फेस आणि गडद पाणी जिथे भेटतात, त्या कडेला टाकतो. मात्र त्या पट्ट्यात खूण पाहण्यासाठीसुद्धा कोणी पाण्यात उतरू नये. तीच ओढ माणसालाही आत नेते. आणि कर्लीकाठ, पावसाळ्यातल्या लाटा सगळी वाळू हलवतात, तेव्हा मागच्या कार्तिकातली ती माडांची खूण यंदा पुन्हा तपासून घ्या.