जेनी मार्क्सच्या संसाराला पैसा यायचा कुठून?

प्रश्न
जेनी फॉन वेस्टफालेन, म्हणजे विचारवंत कार्ल मार्क्सची बायको, उमराव घराण्यातली. सावत्र भाऊ फर्डिनांड १८५० ते १८५८ प्रशिया या जर्मन राज्याचा गृहमंत्री. तरी लंडनमध्ये एवढे हाल का? माहेरचा आधार नव्हता का? आणि तिचं स्वतःचं काम काय? वाचायला मिळतं ते फक्त ‘सोशिक पत्नी’.

प्रतिसाद १
किताब होता, जमीनजुमला नव्हता. आजोबांना सातवर्षीय युद्धातल्या कामगिरीवर १७६४ मध्ये उमरावपद मिळालं. वडील लुडविग सरकारी नोकर, तेही १८४२ मध्ये वारले. भावाचं म्हणाल, तर प्रशियाचे हेर मार्क्सच्या घरावर पाळत ठेवायचे, आणि ते खातं त्याच्याचकडे!

आईने मात्र हात दिला. १८४५ मध्ये तिने हेलेन डेमुटला ब्रुसेल्सला घरकामासाठी पाठवलं. स्कॉटिश आजीकडून आलेली चांदीची भांडी सतत गहाण पडायची. १८५६ मध्ये वारशाचे पैसे आले, तेव्हा गहाण सोडवलं आणि लंडनच्या सोहो भागातली कोंदट जागा सोडून ग्राफ्टन टेरेसला बिऱ्हाड केलं. भाडं वर्षाला ३६ पौंड. ठरावीक उत्पन्न नसल्यामुळे वस्तू पुन्हा गहाणवटदाराकडे गेल्या.

प्रतिसाद २
हाल कसे होते, ते तिच्या २० मे १८५० च्या पत्रात बघा. लंडनच्या चेल्सी भागात पाच पौंड भाडं थकलं म्हणून जप्ती आली. पलंग, कपडे, तिच्या तान्ह्या मुलाचा, गिडोचा, पाळणासुद्धा. जप्तीची बातमी फुटताच औषधवाला, पाववाला, खाटीक, दूधवाला बिलं घेऊन दारात. भाडं चुकतं झाल्यावर ती बिलं भागवायला पलंग विकले. ते हातगाडीवर चढवेपर्यंत सूर्य मावळला होता आणि त्यानंतर सामान हलवायला कायद्याने मनाई. घरमालक पोलीस घेऊन हजर! त्याच वर्षी, पोटात मूल असताना, ती मार्क्सच्या मावशीच्या यजमानांकडे हॉलंडला मदत मागायला गेली आणि रिकाम्या हाती परतली. नोव्हेंबरात गिडो गेला.

प्रतिसाद ३
कामाबद्दल: मार्क्सचं अक्षर छापखान्याला लागत नसे, म्हणून लेखांची मुद्रणप्रत जेनी करायची. नुसती नक्कल म्हणून ते सोडून देऊ नका, कारण प्रत वेळेत गेली नाही तर मानधन लांबायचं. पत्रव्यवहार आणि घेणेकऱ्यांशी बोलणंही तिच्याकडेच. पुढे १८७० च्या दशकात तिने फ्रँकफर्टच्या एका दैनिकात लंडनच्या रंगभूमीवरच्या शेक्सपिअरबद्दल लिहिलं. ते लेखन फार दुर्लक्षित आहे.

मार्क्सचा मित्र आणि सहलेखक एंगेल्स मँचेस्टरहून नोटा अर्ध्या कापून, दोन अर्ध वेगवेगळ्या टपालाने पाठवायचा. एक पाकीट चोरीला गेलं तरी चोराच्या उपयोगाचं नव्हतं. वर्षाला ३५० पौंडांची ठरावीक मदत त्याने १८६९ मध्ये लावून दिली. तेव्हा जेनी ५५ वर्षांची होती.