उंची कमी, सायकलची फ्रेम कोणती? (अनुभव धागा)

पाच फुटांच्या आसपास उंची असली की 'सगळ्यात लहान साईझ घ्या आणि सीट खाली करा' एवढाच सल्ला मिळतो. सीट खाली होते, हँडल मात्र होतं तिथेच राहतं. मग मान, खांदे आणि तळहात दुखायला लागतात. ज्यांनी अशा सायकली मोजल्या आहेत, बसवल्या आहेत, त्यांनी इथे नेमकं लिहावं. ब्रँडच्या शिफारशी नकोत, मापं हवीत.

*

सुरुवात उंचीपासून नको, इनसीमपासून (जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप) करा. एकाच उंचीच्या दोन माणसांच्या पायांच्या लांबीत ५ सेंमीचा फरक सहज निघतो.

अनवाणी, भिंतीला पाठ आणि टाचा टेकून उभं राहायचं. पावलांमध्ये साधारण वीतभर अंतर. पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक मांड्यांमध्ये धरून वर दाबायचं, सीटवर बसल्यावर पडतो तेवढा दाब. पुस्तकाची कड भिंतीला काटकोनात असली पाहिजे. कडेपासून जमिनीपर्यंतचं माप दुसऱ्याला घ्यायला सांगा, स्वतः वाकून घेतलं की चुकतं. तीनदा मोजून सरासरी काढा.

या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचे दांडे ज्या अक्षावर फिरतात ती जागा) मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची मिळते. इनसीम ७० सेंमी असेल तर ६१.८ सेंमी. ही फक्त सुरुवात आहे, पुढे ५-५ मिमीने वरखाली करून बघायचं. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे. मागून दुखला, किंवा पॅडल मारताना कंबर डावीउजवीकडे डुलली, तर वर आहे.

*

वरचं माप हवंच, पण त्यावरून फ्रेमचा निर्णय होत नाही. सीट वरखाली करणं हे सगळ्यात सोपं काम. कमी उंचीच्या माणसाचा खरा प्रश्न पुढच्या लांबीचा असतो, आणि फ्रेमवरचा ४८ किंवा 'एस' हा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही. तो बहुतेक वेळा सीट ट्यूबची (सीटची दांडी ज्यात जाते ती नळी) लांबी सांगतो, आणि तीही प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते.

टॉप ट्यूबच्या (सीटकडून हँडलकडे जाणारी वरची नळी) लांबीवरही भरवसा ठेवू नका. लहान फ्रेममध्ये सीट ट्यूब जास्त उभी करतात, त्यामुळे टॉप ट्यूब कागदावर आखूड दिसते. उदाहरण घ्या. दोन्ही फ्रेमचा स्टॅक, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या (हँडलखालची पुढची नळी) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची, ५०० मिमी. पहिलीची आडवी मोजलेली टॉप ट्यूब ५१० मिमी, सीट ट्यूबचा कोन ७६ अंश. दुसरीची ५२५ मिमी, कोन ७४ अंश. दुकानात पहिलीच लहान म्हणून हातात देतील. पण रीच, म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर, काढला तर पहिलीचा ३८५ मिमी येतो आणि दुसरीचा ३८२. म्हणजे 'मोठी' दिसणारी फ्रेमच किंचित आखूड आहे! पहिलीवर सीट योग्य जागी आणायला मागे सरकवावी लागते आणि वाचलेले १५ मिमी तिथेच जातात.

म्हणून कंपनीच्या मापांच्या तक्त्यात फक्त दोन आकडे शोधा: स्टॅक आणि रीच. तुलना करताना स्टॅक सारखा करून घ्या. स्टेमखाली (हँडल फ्रेमला जोडणारा आडवा तुकडा) १० मिमीचा स्पेसर (कडी) घातला की हँडल सुमारे ३ मिमी मागे येतं, कारण स्टिअरर (स्टेम ज्यावर बसतो ती नळी) तिरका असतो. म्हणजे स्टॅक ५००, रीच ३७५ ही फ्रेम २० मिमी स्पेसर घातल्यावर ३६९ वर येते, आणि स्टॅक ५२०, रीच ३७२ वालीपेक्षा आखूड ठरते.

*

रीच इतका कमी केला की दुसरी अडचण उभी राहते. मोठ्या चाकाच्या लहान फ्रेममध्ये हँडल वळवताना बुटाचं टोक पुढच्या टायरला लागतं. वेगात हँडल एवढं वळत नाही, पण चढावर हळू यू-टर्न घेताना माणूस पडतो. तपासायला बूट घालून बसा, क्रँक (पॅडलचा दांडा) आडवी करा, पाऊल नेहमीच्या जागी ठेवा आणि हँडल सावकाश फिरवा. मडगार्ड लावणार असाल तर ते लावूनच बघा.

'६५०बी चाकं (नेहमीच्या ७००सी पेक्षा लहान रिमची) घ्या, प्रश्न सुटतो' हे अर्धसत्य आहे. चाकाचा व्यास म्हणजे रिमचा व्यास अधिक टायरच्या रुंदीची दुप्पट. ७००सी चाकावर २८ मिमी टायर: ६२२ + ५६ = ६७८ मिमी. ६५०बी वर ४७ मिमी टायर: ५८४ + ९४ = ६७८. व्यास तोच, बुटाला जागा मिळालीच नाही. अरुंद टायर घातला तरच फरक पडतो. जुन्या २६ इंची रिमवर (५५९) ३२ मिमी टायर घातला तर ६२३ मिमी होतो, म्हणजे पुढे जवळजवळ २७ मिमी मोकळे.

*

क्रँकचं कुणी लिहिलं नाही. लहान फ्रेमलाही १७० मिमी क्रँक लावून देतात. ७० सेंमी इनसीमला ती लांब पडते: पॅडल वर आलं की गुडघा पोटाकडे दाबला जातो आणि कंबर मागे ढकलली जाते. १६० लावली तर सीट १० मिमी वर घ्या (०.८८३ चं सूत्र साधारण १७० च्या आसपासच्या क्रँकसाठी आहे). त्यामुळे वरच्या टोकाला मांडीला २० मिमी जागा मिळते, आणि बुटाचं टोकही टायरपासून १० मिमी दूर जातं. मात्र तोच गिअर सुमारे ६ टक्के जड लागेल. चढ असतील तर पुढचं चक्र लहान घ्या किंवा मागे मोठी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच).

*

हँडल लांब वाटलं म्हणून सीट पुढे सरकवू नका! ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. वजन हातांवर येतं आणि तळहात बधिर होतात. आधी सीट पायांच्या हिशेबाने पक्की करायची, मगच पुढचा भाग. स्टेम १०० ऐवजी ८० केला तर २० मिमी मिळाले. ड्रॉप हँडलचा (खाली वळलेलं हँडल) स्वतःचा रीच, म्हणजे त्याची पुढे जाणारी लांबी, ८५ ऐवजी ७० घेतला तर आणखी १५. रुंदी खांद्याच्या हाडांइतकी, ३६ किंवा ३८ सेंमी. हँडल घेताना ही रुंदी मध्यापासून मध्यापर्यंत मोजलीय की बाहेरून बाहेर, ते विचारा.

ब्रेक लिव्हर बोटांना पुरत नसतील तर बहुतेकांमध्ये ते जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो. जवळ आणल्यावर लिव्हर पूर्ण दाबून हँडलला टेकत नाही ना, हे बघाच. टेकत असेल तर आधी केबल ताणा.

*

माउंटन बाईकवाल्यांसाठी थोडक्यात. ड्रॉपर सीटपोस्ट (चालवताना खालीवर करता येणारी सीटची दांडी) घेण्याआधी सीट ट्यूबमध्ये पोस्ट किती खोल जाते ते मोजा, वाकण किंवा बाटलीचा बोल्ट आड येतो. १५० मिमी खालीवर होणारी पोस्ट पूर्ण आत जात नसेल तर सीट हवी तेवढी खाली येणारच नाही. तिथे १०० किंवा १२५ मिमीचीच घ्यावी लागते.