विटीदांडूतलं गणित (आणि तेलुगूसुद्धा)

वर कुणीतरी लिहिलंय की खेळातून गणित येतं हे बोलायला ठीक, शेवटी पाढे पाठच करावे लागतात. पाढ्यांचं मान्य. पण अंदाज? तो कुठल्या वहीत शिकवतात?

आमच्याकडे टोला मारल्यावर विटी पडेल तिथून गलीपर्यंतचं (विटी उडवायच्या खळग्यापर्यंतचं) अंतर तोंडी मागायचं. "ऐंशी दांडू!" समोरच्यांना पटलं तर दिले, नाहीतर भर उन्हात वाकून, दांडू आडवा टाकत टाकत मोजायचं. मध्येच कुणी मुद्दाम बडबडून आकडा विसरायला लावला की पुन्हा गलीपासून सुरुवात. आणि मागितल्यापेक्षा एक जरी दांडू कमी भरला तर डाव बाद! सुट्टी संपेपर्यंत नजर अशी तयार व्हायची की चूक दोन-चार दांडवांचीच.

जवळच्या अंतराच्या मोजणीचे शब्द वेगळे: वकट, लेंड, मूंड, नाल. आम्हाला ती निरर्थक बडबड वाटायची. पुढे नोकरीला हैदराबादला गेलो, तिथे भाजीवाली तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणत लिंबं मोजत होती. मी पिशवी धरून बघतच राहिलो.

बाकी सतराचा पाढा मला अजूनही येत नाही, तेवढं तुमचं खरं.